निम्मं तुमचं

खायची कुठलीही वस्तू हातात आली की आबा ती आधी मोडायचे. बिस्किट असो, पेरू असो, शेंगदाण्याची चिक्की असो. मोडायचे, दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून नीट निरखायचे, मोठा कुठला ते ठरवायचे आणि तो समोरच्याच्या हातात कोंबायचे. "निम्मं तुमचं." समोरचा माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नव्हतं. आमच्या स्कॅन सेंटरच्या बाकावर शेजारी जो कोण बसलेला असेल तो. एकदा त्यांनी खोकल्याची वडी दातानं तोडून जवळच्या कंपनीतल्या एका बिहारी कामगाराला दिलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या बिचाऱ्याला खोकला नव्हता. तरी त्यानं "जी चाचा" म्हणून ती निमूटपणे खाल्ली.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. आपल्याला त्याच्या वागण्याचा जरा वैतागच येतो. माझं तरी तसंच झालं. मी शिरूरला सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करते. दिवसभर लोकांना हलू नका, बोलू नका, श्वास सोडू नका असं दरडावून माझं तोंड आंबून जातं. माहेरी खुटबावला गेले की आई म्हणते, तुझी जीभ पूर्वी अशी नव्हती. तर अशा माझ्यापुढं हा म्हातारा पहिल्याच दिवशी अर्धा पेरू घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, आबा, इथं आत खाणं चालत नाही. ते म्हणाले, "मग भाईर येऊन खावा. पर निम्मा तुमचा हाय, त्यो मला खाता यायचा न्हाई."

आबा मांडवगण फराट्याच्या पलीकडल्या एका वस्तीवरचे. घराण्याचा धंदा मेंढरांचा. लग्न झाल्यावरही कितीतरी वर्षं त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मेंढरांमागं पार कोकणापर्यंत पायपीट केली. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, थोडी जमीन भिजायला लागली, तशी मेंढरं विकून ते कांदा आणि झेंडू करू लागले. चार मेंढ्या तेवढ्या ठेवल्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणायचे, सकाळी उठून कुणाला तरी हाका मारायला नकोत का.

वस्तीवरच्या कुणालाही शिरूरला डॉक्टरकडे आणायचं झालं की सोबतीला आबाच यायचे. कुणाचं डोकं आपटलेलं, कुणाच्या पोटात गाठ, कुणाला मुतखडा. आबा बाकावर बसून राहायचे, पेशंट आत गेला की नातेवाइकाला बिस्किट मोडून द्यायचे, आणि बाहेर आला की त्याला विचारायचे, मशीननं चावलं का? हाच विनोद दर वेळी. हसायचेही स्वतःच.

हे मोडण्याचं प्रकरण काय आहे ते मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी अगदी साधं उत्तर दिलं. मेंढरांमागं फिरताना घरच्या माणसानं अख्खी भाकरी खायची नाही, असा त्यांच्याकडं रिवाज. अख्खी भाकरी फक्त पाहुण्याच्या ताटात. घरच्यांनी ती मोडायची, निम्मी दुसऱ्याला द्यायची आणि मगच घास घ्यायचा. नवरा-बायको दोघंच असली तरी तसंच. "अख्खं खायाला मी काय पाव्हना हाय का?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

मग आबांचीच बायपास झाली, पुण्याला. ते बरे होऊन आल्यावर वस्तीवरच्या कुणाला तरी घेऊन आले आणि माझ्यापुढं सदऱ्याची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवू लागले. मी म्हटलं, अहो आबा, बायामाणसं बसलीत. पण त्यांना कोण थांबवणार! छातीत तीन चाऱ्या काढल्यात, असं ते बाकावरच्या सगळ्यांना सांगत होते. मेन कॅनॉल गाळानं भरला, म्हणून बाजूनं चाऱ्या काढून पाणी खाली नेलं. दोन चाऱ्या पायाच्या नसेच्या, एक छातीतलीच. बायपास म्हणजे काय हे मी आजवर बऱ्याच जणांना समजावलं आहे. आबांनंतर मीही चाऱ्याच सांगते.

ऑपरेशननंतर त्यांनी तंबाखू सोडली. पण चुन्या-तंबाखूची ॲल्युमिनियमची डबी काही सोडली नाही. ती धुऊन पुसून त्यांनी गोळ्यांना घेतली.

तीनेक वर्षं बरी गेली. मग कॅनॉलच्या भरावावर चढताना त्यांच्या छातीवर दाब यायला लागला. आधी ते बोललेच नाहीत. एक दिवस मेंढी सुटली, तिच्यामागं चार पावलं पळाले आणि खालीच बसले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घातलेल्या नसा चालू आहेत का ते पाहू, सीटी करून आणा. आमच्याकडं ते होत होतं. तोवर दुसऱ्यांना घेऊन येणारे आबा त्या दिवशी स्वतःचे कागद घेऊन आले. बरोबर बायको होती. तिला मी मावशी म्हणते. बारीक, काटक बाई, बोलणं मोजकं. गाडी लागते म्हणून पदराला लिंबू बांधून आलेली.

या तपासणीला हृदयाचे ठोके सावकाश पडावे लागतात, म्हणून आम्ही आधी सगळं विचारून घेतो. मी विचारलं, सकाळच्या गोळ्या घेतल्या का? आबांनी डबी उघडली आणि माझ्यापुढं धरली. आत निम्म्या निम्म्या गोळ्या. सगळ्याच मोडलेल्या.

"माज्या घेतल्या," आबा म्हणाले. "ह्या हिच्या हाईत. हिला गाडी लागती म्हनून ऱ्हायल्या. आता खाईल."

मला आधी कळलंच नाही. मी मावशीकडं वळून विचारलं, तुम्हाला पण हृदयाचा त्रास आहे? तुम्हाला कुठल्या डॉक्टरनं दिल्या? ती म्हणाली, यांच्याच डॉक्टरनं दिल्या, दोघांना मिळून. मग तीही थांबली. माझ्याकडं बघायची ती आबांकडं बघायला लागली.

सगळं हळूहळू बाहेर आलं. ऑपरेशन होऊन आबा घरी आले त्या सुमाराला मावशीच्या छातीत जळजळ सुरू झाली होती. आबांचंही दुखणं असंच जळजळीपासून सुरू झालेलं. ते घाबरले. दवाखान्यात चल म्हणाले तर ही बाई येईना, घरात एक पेशंट पुरे म्हणायची. मग आबांनी त्यांना सुचलं ते केलं. घरात आलेली वस्तू मोडली आणि निम्मी तिला दिली. रोज सकाळी, इतकी वर्षं. डॉक्टरांनी दोघांना मिळून दिल्यात, असं तिला सांगून.

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. रक्त पातळ करायची गोळी, चरबीची गोळी, त्या काय चिक्की आहेत का वाटून खायला? डॉक्टरनं तुमच्या रक्ताचं बघून दिल्यात, तुमच्या छातीतल्या चाऱ्या वाहत्या राहाव्यात म्हणून दिल्यात. आबा खाली मान घालून ऐकत होते. मावशी मात्र माझं ऐकतच नव्हती.

"तुमी मला म्हनला, डाक्टरनं दोघास्नी दिल्यात," ती त्यांना म्हणाली.

"दिल्यातच की," आबा म्हणाले. "तू आन् मी काय येगळं हाय का?"

मावशी उठली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. डबीतल्या तिच्या वाटणीच्या गोळ्या तशाच राहिल्या.

स्कॅन तर करायचाच होता. मी आबांना टेबलावर झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या, हाताला सुई लावली. औषध आत गेलं की अंगभर ऊब येईल, घाबरू नका म्हणून सांगितलं. आमच्या मशीनमध्ये हिंदीतून बोलणारी एक बाई भरलेली आहे. ती म्हणते, साँस लीजिए, साँस रोकिए. सराव घेताना तिनं साँस रोकिए म्हटलं की आबा मोठ्यानं "व्हय" म्हणायचे आणि सगळा श्वास बाहेर. मी आत जाऊन सांगितलं, आबा, तिला उत्तर द्यायचं नाही. परत तेच. तिसऱ्यांदा मी चिडले, तर ते म्हणाले, "एवडी मायेनं बोलती, आन् आपुन गप ऱ्हायाचं?" मला हसू आलं. इतकं सगळं होऊनही मी हसले. त्या दिवसाचं तेवढंच हसणं.

शेवटी त्यांनी श्वास रोखला आणि काम झालं.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. जे काही असतं ते सगळ्यात आधी आम्हाला दिसतं. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, सांगतातही तेच, पण काचेच्या अलीकडं बसून पडद्यावर आधी बघतो आम्ही, आणि पेशंट पलीकडून आमचा चेहरा बघत असतो. म्हणून चेहरा कोरा ठेवायची सवय करावी लागते. चालू असलेली नस औषधानं भरून पांढरी दिसते, वरून निघून हृदयावर उतरलेली. आबांची छातीतली चारी तशी दिसत होती, बारीक पण वाहती. पायाच्या नसेच्या दोन मात्र तोंडापाशीच संपल्या होत्या. नुसते खुंट. पुढं काहीच नाही. मी चित्र फिरवून फिरवून पाहिलं. फिरवल्यानं काय होणार होतं?

आबांनी काचेतून हात हलवला. मीही हलवला.

पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की पुन्हा ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही, फुगा घालून उघडण्यासारखंही नाही. गोळ्या नीट घ्या, जपून राहा. मी आमच्या इथल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, निम्म्या गोळ्यांमुळं झालं का हे? ते म्हणाले, पायातून काढून लावलेल्या नसा काही वर्षांनी अशाही बंद पडतात. पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तर टिकल्या असत्या की नसत्या, छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. हे मी मावशीला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा "व्हय" म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं.

त्यानंतर आबा दोन-तीनदा आले ते औषधं न्यायला. शेजारच्या दुकानातून औषधं घेतली की माझ्याकडं डोकवायचे. मावशी आता रोज सकाळी समोर बसून त्यांना गोळी गिळायला लावायची, तोंड उघडून दाखवायला लावायची. स्वतः तिनं गोळीला हात लावायचं सोडलं होतं. आबा सांगायचे, "अख्खी गिळली म्याडम. पाव्हन्यासारखी." आणि मान खाली घालायचे. चोरी करून आल्यासारखा चेहरा असायचा. छाती दुखते का विचारलं तर हात हलवून विषय बदलायचे. जाताना बिस्किट मात्र मोडून जायचे. मी आता आतच खायचे, नियम गेला खड्ड्यात.

मग एक दिवस मांडवगणकडचा एक पेशंट आला, पाठीच्या दुखण्याचा. बरोबरच्या बाईला कुठं बसायचं, कुणाला विचारायचं काही समजत नव्हतं. मी त्यांना वस्तीचं नाव विचारलं आणि पटकन म्हणून गेले, मग आबांना का नाही आणलं? ती बाई म्हणाली, आबा गेले की. झेंडूत पाणी धरायला गेले होते, वाफ्यातच पडले. पाणी फुटून शेजारच्या रानात गेलं तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

मी पेशंटला आत घेतलं. हलू नका म्हणाले, बोलू नका म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचंच मला नवल वाटलं.

पावसाळा सरता सरता मावशी आली. एकटीच, तपासणीची चिठ्ठी घेऊन. छातीत आग होते, मधे बरं होतं ते आता पुन्हा सुरू झालं, असं तिनं इथल्याच दुसऱ्या एका डॉक्टरांना सांगितलं होतं. तिचं वय, नवऱ्याचं असं झालेलं, बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाचे घाबरून आलेले फोन, हे सगळं पाहून त्यांनी हृदयाच्या नसांचा सीटी करायला सांगितला होता. जी बाई आधी दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती ती आपणहून आली होती. मला म्हणाली, "माजंबी बगा. नीट बगा."

मी विचारलं, गोळ्या काही चालू आहेत का? ती म्हणाली, यांच्या राहिल्यात त्या खाते. मी म्हटलं, तुम्ही तर सोडल्या होत्या ना? तर म्हणाली, घरात पाकिटं पडलेली, टाकून कशा द्यायच्या? त्यांनी मला दिल्या होत्या, मी त्यांना नाही म्हणून बसले. आता सकाळी मोडते आणि माझं निम्मं खाते. हे ती अगदी सहज बोलली. मी ते डॉक्टरांसाठी तिच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

मावशीनं मशीनमधल्या बाईला उत्तर दिलं नाही. श्वास रोख म्हटल्यावर असा रोखला की मलाच धाकधूक वाटायला लागली. औषध गेलं, चित्रं आली. तिच्या हृदयाच्या नसा मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ होत्या. कुठं गाळ नाही, कुठं अडथळा नाही. तिच्या वयाला इतक्या स्वच्छ नसा मी फार थोड्या पाहिल्या आहेत. दुसरं कुणी असतं तर मी चेहरा कोरा ठेवायचं विसरून काचेतूनच अंगठा दाखवला असता. त्या दिवशी मात्र मला वाटलं, कुठंतरी एक डाग दिसावा. माणसाच्या हृदयात रोग निघावा असं वाटणं किती वाईट! पण वाटलं.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट समजावलं. मीही तिथंच उभी होते. हृदय अगदी चांगलं आहे, काळजी करू नका. ही आग पोटातली आहे, पित्ताची. आणि ती रक्त पातळ करायची गोळी तुम्ही आधी बंद करा. तिच्यावर पोटाला जपणारा लेप असतो, मोडली की तो लेप फुकट जातो. मोडलेली गोळी उपाशीपोटी रोज खाल्ली तर आग होणारच. बंद केलीत तेव्हा बरं वाटलं होतं ना? मग झालं तर. आबांनी स्वतःच्या गोळ्या तिच्यासाठी मोडल्या होत्या, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. ते चांगली बातमी देत होते.

मावशी रिपोर्टची पांढरी पिशवी घेऊन उठली. बाहेर येऊन बाकावर बसली, आबा बसायचे त्याच कोपऱ्यात. मी चहा मागवला, दोन बिस्किटं पुढं ठेवली. तिनं कशालाच हात लावला नाही. मीही शेजारी बसून राहिले. आत पेशंट थांबला होता, थांबू दे म्हटलं. ती मनातल्या मनात काय जुळवत होती ते मला दिसत होतं, कारण मीही तेच जुळवत होते. आधी साधं पित्त. त्यावर आबांची निम्मी गोळी. गोळीनं आग वाढली. आग वाढली म्हणून आबा आणखी घाबरले, आणि आणखी नेमानं गोळी मोडत राहिले. तिला काही झालेलं नव्हतं, आणि त्यांच्या नसा बंद होत होत्या.

"म्याडम, मशीन चुकत आसंल का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

"थोडंबी न्हाई निगालं?"

"नाही मावशी. काहीच नाही."

ती त्या पांढऱ्या पिशवीवरून हात फिरवत राहिली. आत तिच्या हृदयाच्या फिल्म होत्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "समदं न्हाई म्हनत मी. निम्मं तरी निगायचं हुतं."

मी तिचा हात धरला. रडले मी, ती रडली नाही.

एस.टी.ची वेळ झाली तशी ती उठली. गोळ्या आता बंद ना, असं तिनं एकदा खात्रीसाठी विचारलं. मग कमरेच्या पिशवीतून आबांची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. जड लागली. उघडली तर काठोकाठ निम्म्या गोळ्या. आबा गेल्यापासून तिनं रोज सकाळी एक गोळी मोडली होती, आपली निम्मी खाल्ली होती आणि त्यांची निम्मी बाजूला काढून ठेवली होती.

"ह्या त्येंच्या वाटनीच्या हाईत," ती म्हणाली. "कुनाला लागल्या तर द्या."

मी बरं म्हटलं. मोडलेली गोळी कुणालाच देता येत नाही. डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे.